पोत्याच्या तळचे बुंददाणे

पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मनकर्णा तळाचे दाणे चाचपत होती, आणि तिथं तिच्या हाताला दुसराच कुणाचा तरी हात लागला.

ती दचकली. हात ओढून घ्यायला गेली, तर निघेना. तिची काचेची बांगडी त्या हाताच्या मनगटातल्या काळ्या दोऱ्यात अडकली होती.

"सावकाश, बाई... बांगडी फुटंल," पोत्यापलीकडून आवाज आला. "तो माझा हात आहे. तुमी घेऊन चालल्या तर मी गाडी कशानं चालवू?"

तिनं वर पाहिलं. खाकी सदरा, उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू. चांद्याच्या गोल बाजारातलं किराण्याचं दुकान दिवाळीनंतरच्या गिऱ्हाइकीनं भरलेलं होतं. तिचे बाबा, देवाजी, पुढं जिरं-लवंगांचा भाव करण्यात गुंतले होते. मनकर्णेनं मान खाली घातली आणि पोत्याच्या अंधारातच दोऱ्यातून बांगडी सोडवू लागली. बोटं घाई करत होती, त्यामुळं गाठ आणखीच आवळली.

"तुमी हलू नोका ना!"

"मी कुठी हलून राह्यलो? तुमचीच बोटं..." तो थांबला, आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे दाने घेऊ नोका. वरून हिरवे आहेत. खाली मागच्या सालचे भरले आहेत, बुरशी लागलेले."

बांगडी सुटली. मनकर्णेनं मूठभर दाणे बाहेर काढून नाकाशी नेले. ओल्या गोणपाटाचा कुबट वास आला. म्हणजे इथंही तेच. सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. तिचा चेहरा पार उतरला.

कॉफीच्या कच्च्या बियांना, म्हणजे बुंददाण्यांना, एवढं घाबरण्यासारखं काय होतं, हे त्या माणसाला कळण्यासारखं नव्हतं. तरी त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि खिशातून कागदाची एक पुडी काढली. पुडीतले दाणे निळसर हिरवे, सगळे एका अंगाचे. वास वाळल्या गवतासारखा, स्वच्छ.

"बल्लारशाहले आमच्या शेजारी सुब्बम्मा राह्यते. रेल्वेतल्या फिटरची बायको. तिचा भाऊ बेजवाड्याहून धाडते. हे दाखवूनच मले धाडलं तिनं, असेच पाह्यजेत म्हनून. घ्या, ठेवा वानगी."

"मंग तिच्यासाठी काय न्याल?"

"बोलनी खाईन," तो म्हणाला. "सवय आहे."

त्याचं नाव लच्छू. सिरोंच्याचा, आईकडून तेलुगू, बापाकडून मराठी. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारशाहच्या डेपोत पोचवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ट्रकवर तो डायव्हर होता. आणि देवाजी आलापल्लीच्याच डाकबंगल्यावर खानसामा, हे कळल्यावर तो असा काही खुलला, की देवाजींनी लवंगांचा भाव सोडून त्याच्याकडं वळून पाहिलं.

देवाजींच्या हातच्या कॉफीचं जंगल खात्यातल्या साहेब लोकांत नाव होतं. फार वर्षांपूर्वी म्हैसूरकडच्या एका साहेबानं त्यांना ती शिकवली होती. कच्चे दाणे आणायचे, लोखंडी कढईत निखाऱ्यावर भाजायचे, एक रात्र डब्यात मुरू द्यायचे, मग हातयंत्रावर दळायचे. बायको गेल्यावर पोरीला वाढवलं ते याच स्वयंपाकघरात, आणि राहायची खोली बंगल्याच्या मागं, नोकरीची. पण गेल्या पावसाळ्यात देवाजींना मोठा ताप आला. ताप उतरला तो त्यांचं नाक घेऊन गेला. फोडणी जळो की मोगरा फुलो, त्यांना सारं सारखंच. जिभेलाही मिठाचा अंदाज उरला नाही. हे ठाऊक होतं फक्त दोघांना — त्यांना आणि मनकर्णेला.

तेव्हापासून चव ती घेई, भाजणं ती करी, आणि पांढरा साफा बांधून ट्रे घेऊन जात ते देवाजी. एकदा ती पाण्याला गेली असताना देवाजींनी एकट्यानं कुबट दाण्यांची कॉफी केली होती. पाहुण्या साहेबानं एक घोट घेऊन कप बाजूला सारला आणि नुसतं म्हटलं, "देवाजी, तब्येत ठीक नाही का?" त्या दिवसापासून मनकर्णेला अन्न गोड लागत नव्हतं. ज्या खानसाम्याला वास येत नाही, त्याला कोण ठेवणार?

लच्छूनं दिलेली वानगी तिनं दुसऱ्याच दिवशी कढईत टाकली. दाणे आधी पिवळे झाले, भाजल्या भुईमुगाचा वास सुटला, मग लाह्यांसारखे तडतडू लागले. तो वास... तिनं डोळे मिटले. पलीकडं बाबा बसले होते, तिच्या चेहऱ्याकडं पाहत. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना वासाचा अंदाज घ्यायची सवय लागली होती.

"बरा आहे?" त्यांनी विचारलं.

"लय चांगला आहे, बाबा."

"कसा? सांग ना."

तिला सांगता येईना. 

पावसाळ्यात वाहून जाणारा नदीवरचा तात्पुरता रस्ता पुन्हा बांधून झाला, ट्रक सुरू झाले, आणि लच्छू दर खेपेला बंगल्याच्या मागच्या दाराशी हजर होऊ लागला. हातात सुब्बम्माकडच्या दाण्यांची पुरचुंडी, आणि काहीतरी निमित्त. कधी पाणी पाहिजे, कधी विस्तव.

"काल पानी नेलं, आज विस्तव. उद्या काय, कढई नेता?" मनकर्णा म्हणे.

"कढईवाली आली तर कढई कायले नेऊ?"

"बाबा आत आहेत!"

"म्हनून तर हळू बोलून राह्यलो..."

ती पाठ फिरवी; पण सुपात दाणे पाखडताना हात उगाच जास्त वेळ चाले. फोलपटं उडून त्याच्या केसांवर बसत. तो झटकत नसे. ती हसली की त्याला तेवढं पुरे. आणि तो गेला की तिला धाकधूक सुरू होई. रस्ता जंगलातला, ट्रकवर सागाचे ओंडके, साखळी तुटली तर? आणि दुसरी काळजी याहून बारीक, पण जास्त टोचणारी — या माणसाचं बोलणं इतकं गोड का? आईची एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. आई म्हणायची, वानगी पाहून माल घेऊ नये, पोरी; दाखवायचं तेवढं सगळेच चांगलं दाखवतात.

एके दिवशी ती वाळवणावरचे कपडे काढून आत येते तो चुलीवरचं दूध करपत होतं. घरभर धूर. आणि चुलीपासून दोन हातांवर देवाजी शांतपणे भाजी चिरत बसलेले, धुराकडं पाठ करून. ती धावणार, इतक्यात मागच्या दारातून लच्छू आत आला, त्यानं फडक्यानं भांडं उतरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, मी हाका मारून राह्यलो, तुमी भाजीत गुंग! दूध पार करपवलं तुमच्या पोरीनं."

देवाजी गोंधळून उठले. लच्छूनं मनकर्णेकडं पाहिलं. एकदाच. त्या नजरेत तिला सगळं दिसलं. त्याला कळलं होतं.

त्या रात्री तिला झोप आली नाही. ट्रकवाल्यांच्या गप्पा डेपोत होतात, डेपोतून ऑफिसात जातात. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा तिनं विस्तव द्यायच्या आधीच विचारलं, "कोनाले सांगतलं तुमी?"

"काय सांगायचं आहे?"

"दुधाचं."

"दूध करपते, बाई. कोनाच्याही घरी करपते." त्यानं विडी पेटवली नाही, तशीच कानावर ठेवली. "मी काय डेपोत दुधाच्या गोष्टी करू?"

तिला रडू आलं आणि हसूही. तिनं त्याला पहिल्यांदा आपण होऊन कॉफी दिली, बंगल्याच्या कपातून नाही, घरच्या पितळी पेल्यातून. तो पिईपर्यंत ती उभी राहिली. पेला परत देताना त्याची बोटं क्षणभर पेल्यावरच राहिली... तिचीही.

संक्रांतीच्या आधी बातमी आली. मोठे साहेब येणार, बंगल्यावर आठवडाभर कॅम्प, बरोबर आठ-दहा माणसं. हे साहेबही म्हैसूरकडचे, सकाळी कॉफी नीट नसली तर दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती. पुरचुंडीनं भागणार नव्हतं. दहा शेर दाणे पाहिजेत, आणि एकाच जातीचे.

"आनतो," लच्छू म्हणाला. "सुब्बम्माच्या भावाकडून येयाले वेळ लागंल. पन मालधक्क्यावर एक नवा व्यापारी आला आहे, त्याच्यापाशी म्हनतात चांगला माल आहे. तू काळजी नोको करू."

तो 'तुमी'वरून 'तू'वर कधी आला, हे दोघांनाही कळलं नाही.

"चुकलं तर बाबाची नोकरी जाईल," ती म्हणाली. "खोली जाईल. तुमाले समजते ना?"

"मले सारं समजते, मनकर्णा."

पोतं आलं ते लच्छूबरोबर नाही. त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, म्हणून त्यानं ते वारलू नावाच्या दुसऱ्या डायव्हरच्या हाती पाठवलं. साहेब परवा येणार होते. मनकर्णेनं शिवण उसवली. वरचे दाणे निळसर हिरवे, अगदी त्या पहिल्या पुडीसारखे. तिचा जीव भांड्यात पडला. मग सवयीनं तिनं हात आत घातला, कोपरापर्यंत, तळाशी... आणि मूठ बाहेर काढली.

काळे. भोकं पडलेले. कुबट.

तिनं सगळं पोतं अंगणात ओतलं. वरचा थर सोडला तर आत सगळा तसाच कचरा. ती त्या ढिगापाशी खाली बसली. तळापर्यंत हात घालणारा माणूस होता तो. त्याला कळलं नसेल? की कळूनच पाठवलं? पाटा तुटला हेही खरं की...? आईचे शब्द कानात घुमू लागले. गोड बोलणं, विस्तव, पेल्यावरची बोटं — सगळी वानगीच होती का?

"काय झालं, बाई?" देवाजी दारात उभे होते. त्यांनी मूठभर दाणे उचलून नाकाशी नेले, आणि मग लक्षात येऊन हात खाली केला. त्यांना पाहून तिला लच्छूचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, धुळीनं माखलेला, अर्धी वाट दुसऱ्याच्या ट्रकवर आणि उरलेली कुणाच्या तरी बैलगाडीतून. खांद्यावर घोंगडीचं गाठोडं. अंगणातला ढीग पाहून जागीच थांबला.

"म्हंजे तुलेही कळलं..."

"कळलं!" मनकर्णा उसळली. "चांद्याले मले शहानपन शिकवत होते ना? खाली पाहा म्हनत होते? मंग या पोत्याच्या खाली काऊन नाई पाह्यलं?"

"पोतं शिवलेलं होतं."

"उसवाले हात नोहते?"

"होते." त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "त्यानं हातावर वानगी ठेवली, आन् मी भुललो. उसव म्हनलं तर म्हने, शिवलेलं पोतं उसवत नसतात, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. मले वाटलं, हे गेलं तर तुले काय तोंड दाखवू? घाई झाली, मनकर्णा. मागून त्याच्याच दुसऱ्या पोत्यातले दाने सुब्बम्मानं पाह्यले, तिनं मले झाडूनं मारायचं बाकी ठेवलं."

"मंग आता काय करू मी? उद्या सकाळी साहेब येते!"

त्यानं गाठोडं सोडलं. आत लहान-लहान पुरचुंड्या. कुणाची जुन्या लुगड्याच्या चिंधीत, कुणाची वर्तमानपत्रात, एक तर लहान मुलाच्या टोपड्यात बांधलेली.

"सुब्बम्मा मले घेऊन रेल्वेच्या साऱ्या क्वार्टरांमदी फिरली. तेलुगू, तमिळ, कानडी, ज्यांच्या घरी कॉफी होते त्यांच्या दारी. प्रत्येकानं डब्यातलं काढून देल्लं. एका म्हातारीनं तर सारा डबाच पालथा केला. म्हने, कोन्या पोरीचा बाप वाचत असंल तर दोन दिवस मी चहा पिईन."

मनकर्णेनं गाठोडं पुढं ओढलं. एकेक पुरचुंडी सोडून पाहू लागली. दाणे चांगले होते, पण शंभर घरचे. कुठले बारीक, कुठले टपोरे, कुठले जुने फिकट, कुठले ताजे. एकत्र भाजले तर बारीक जळणार, टपोरे कच्चे राहणार.

"हे सारे येगयेगळे करा लागन," ती म्हणाली. आवाज अजून रागाचा होता, पण तिनं त्याच्यापुढं एक सूप सरकवलं.

दोघं अंगणात बसले. टपोरे इकडं, बारीक तिकडं, फिकट तिसरीकडं. जानेवारीचं ऊन पाठीवर होतं.  तिची बोटं घाईनं चालत होती आणि डोळे पुन्हापुन्हा उतरत्या उन्हाकडं जात होते. शेवटी लच्छूच बोलला, सुपात पाहतच.

"तुले वाटलं असंल, हा मानूसही तसाच. वर येक, खाली येक."

"वाटलं," ती म्हणाली.

"दाने हातावर ठेवून दाखवता येते. मानसाची वानगी कशी दाखवाव? मी रागीट आहे. गाडी चालवताना शिव्या देतो. बाप दारू पिऊन मेला, म्हनून मी शिवत नाई, पन भेव लागते मले. इतकं तरी खालचं सांगतो. बाकी सारं पोतंच घ्या लागंल..." तो अडखळला. "म्हंजे... घ्यायचं असंल तर."

मनकर्णेचा हात सुपात थांबला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आधी दाने निवडा," ती म्हणाली. "तुमी टपोऱ्यात बारीक टाकून राह्यले."

तेवढ्यात देवाजी येऊन त्यांच्याशेजारी बसले. काही न विचारता तेही निवडू लागले. डोळे त्यांचे अजून तीक्ष्ण होते.

संध्याकाळपर्यंत कढया उतरल्या, एकेका जातीच्या वेगळ्या. शेवटी सगळे भाजलेले दाणे परातीत एकत्र केले तेव्हा रंग कुठं उन्नीस-बीस होता, पण वास... तो बंगल्याच्या फाटकापर्यंत गेला. लच्छू गेला तेव्हा ती कढईपाशीच होती. निरोपही नीट घेता आला नाही.

सकाळी मोठे साहेब व्हरांड्यात बसले होते. देवाजींनी ट्रे ठेवला. मनकर्णा जाळीच्या दाराआड उभी, पदराचं टोक मुठीत. साहेबांनी घोट घेतला. दुसरा घेतला. मग कप दोन्ही हातांत धरून त्यात पाहू लागले. 

"देवाजी," ते म्हणाले, "ही कुठल्या बागेची कॉफी? कळतच नाही. यात माझ्या आजोळचा वास आहे, आणि आणखी कशाकशाचा." त्यांनी कप हसत पुढं केला. "बघ, तूच घे वास."

देवाजींनी कप हातात घेतला. 'हो साहेब' म्हटलं असतं तर झालं असतं. इतके महिने ते तसंच म्हणत आले होते. त्यांनी जाळीच्या दाराकडं पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"मले वास नाई येत, साहेब. पावसाळ्यापासून नाई. कॉफी पोरगी करते. सारंच ती करते. मी नुसता आनून देतो."

मनकर्णेनं डोळे मिटून घेतले. झालं. आता संपलं.

साहेबांनी कप उचलून उरलेली कॉफी संपवली. रागावले नाहीत, आणि फार मायेनंही बोलले नाहीत. कॅम्प संपेपर्यंत सगळं तसंच चालू दे म्हणाले. जाताना त्यांनी निकाल दिला: स्वयंपाकघर होळीपासून दुसऱ्याकडं जाईल, देवाजींना बंगल्याची चौकीदारी मिळेल, खोली राहील. देवाजींनी पांढरा साफा उतरवून त्याची सावकाश घडी घातली. पण त्या दिवशी ते दुपारी झोपले, आणि ताप आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली.

लच्छू आला तो त्यानंतर. मागच्या दाराशी नाही, सरळ पुढून. मनकर्णा घरात नव्हती. ती लाकूड कापायच्या आरा मशीनजवळच्या विहिरीवर गेली होती. तो देवाजींशी बराच वेळ बोलला. ती घडा घेऊन परतते तो बाबा फाटकाशी एकटेच.

"बेजवाड्याले चालला तो," देवाजी म्हणाले. "सुब्बम्माच्या भावापाशी. तिथून पुढं बागाइतदाराइकडं. म्हने, या टापूत इतक्या लोकाले चांगले दाने पाह्यजेत, तर आपनच जाऊन पाहून आनू. भरवशाचा मानूस शोधू. आन् मले म्हने..." ते घोटाळले. "तुले मागत होता. मी म्हनलं, पोरीले इचार. तर म्हने, इचारलं आहे. ती सांगतच नाई. उत्तर नाई म्हंजे नाईच असंल, म्हनून चाललो."

"कुठी आहे तो?"

"इथल्याच डेपोत. गाडी निघूनच राह्यली..."

घडा तिथंच राहिला. लोक पाहतील, काय म्हणतील, याची भीती वाटली. पण तो असाच गेला तर, या भीतीपुढं ती अगदीच किरकोळ होती. ती धावली. आरा मशीनच्या खरखराटानं सगळा डेपो दणाणत होता. ओंडक्यांच्या राशींमधून लच्छूचा ट्रक हळूहळू फाटकाकडं वळत होता. ती आडवी येऊन उभी राहिली. ब्रेक लागले. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, चेहरा पांढराफटक.

"मराले आली का इथी!"

"मी नाई म्हनलं नोहतं!" ती म्हणाली.

"काय?"

"मी म्हनते — नाई म्हनलं नोहतं!"

"आयकू नाई येऊन राह्यलं!" त्यानं मशीनकडं बोट केलं, कानाला हात लावला. "काय नाई?"

मनकर्णेनं छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "मले तुमच्यासंगंच लगन करायचं आहे!"

नेमकी तेव्हाच आरा मशीनवर दुपारची सुट्टी झाली. करवत थांबली. तिचा शब्दन् शब्द शांत डेपोभर घुमला, पार सागाच्या झाडांपर्यंत गेला आणि परत आला. मजूर, गाडीवान, मोजणीदार, सगळे हातातलं काम टाकून पाहत राहिले.

मनकर्णेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. पावलं जवळ येऊन थांबली.

"आता आयकू आलं," लच्छू म्हणाला.  "पन आनखी येकदा म्हन ना... हळू."